जिवाणूची मोटर उलट-सुलट कोण करतं? कुट्टी मशीनच्या गावातलं एक प्रात्यक्षिक

यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, सोयाबीन काढणीचे दिवस, वर्गात निम्मीच पोरं. बी.एस्सी.ला कशाभिकेची मोटर शिकवत होतो. जिवाणूची ही शेपटी वळवळत नाही, पंख्यासारखी गरगर फिरते, आणि मध्येच दिशा बदलते, एवढं सांगून झालं होतं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, फेज बदलला का मोटर उलटी फिरते, तसंच हाये न हे?"

विहिरीवर थ्री-फेज पंप असलेल्या घरातलं पोर. दोन वायरींची अदलाबदल झाली की पंप उलटा फिरतो आणि पाणी चढत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. मी म्हणालो, "हो, तसंच." ते चूक होतं. पुढे त्याच पोराच्या गोठ्यात कडबा कुट्टीचं मशीन चालू असताना चूक कळली. त्या मशीनला बाजूला एक दांडा असतो: पुढे, न्यूट्रल, मागे. कडबा अडकला किंवा हात ओढला जातोय असं वाटलं की दांडा मागे ढकलायचा, रूळ उलटे फिरतात. मोटर मात्र त्याच दिशेने घरघरत राहते. वीज तीच, फेज तेच, बदललं ते फक्त दात्यांचं जुळणं.

जिवाणूतही असंच होतं. हे प्रात्यक्षिक करताना ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, बाकी सगळं तिच्याभोवती बसतं.

आधी शब्द ठरवून घेऊ

इ. कोलाय या जिवाणूला अंगभर चार-आठ कशाभिका असतात. बाहेर उभं राहून कशाभिकेच्या टोकाकडून पेशीकडे पाहिलं, तर ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते त्याला या लेखात 'सुलट' म्हणू आणि विरुद्ध फिरते त्याला 'उलट'. सगळ्या मोटरी उलट फिरतात तेव्हा डाव्या पिळाच्या त्या कशाभिकांची एक वेणी वळली जाते आणि पेशी सरळ धावते. एखादी जरी सुलट फिरली तरी तिचा पीळ बदलतो, ती वेणीतून सुटते आणि पेशी जागच्या जागी कोलांटी खाते. म्हणजे उलट फिरला की सरळ जातो, सुलट फिरला की कोलमडतो. पोरांना हे एकदा हसत सांगितलं की पेपरात चुकत नाही.

धाव साधारण एका सेकंदाची, कोलांटी एका सेकंदाच्या दहाव्या भागाची. कोलांटीनंतर तोंड कुठे वळेल त्याचा नेम नाही. अन्नाच्या दिशेने चाललं असेल तर धाव लांबते, एवढ्याच युक्तीवर तो अन्नापर्यंत पोचतो.

दांडा ओढणारी मंडळी

पुस्तकात प्रथिनांची नावं इंग्रजी अक्षरांत असतात. बोलताना 'सी-एच-ई' याचा उच्चार 'की' होतो, म्हणून इथे की-ए, की-वाय असं लिहितो.

पेशीच्या टोकाला ग्राही प्रथिनांचा पुंजका असतो. सेरीन हे अमिनो आम्ल ओळखणारा टी-एस-आर आणि अ‍ॅस्पार्टेट हे दुसरं अमिनो आम्ल ओळखणारा टार हे त्यातले मोठे. त्यांना की-डब्ल्यू या जोडप्रथिनाने की-ए बांधलेला असतो. अन्न नसलं की की-ए स्वतःवर फॉस्फेट चढवतो आणि तो की-वायच्या हवाली करतो. की-वाय लहानसं प्रथिन, फॉस्फेट त्याच्या ५७व्या अ‍ॅस्पार्टेटवर बसतो. फॉस्फेट घेतलेला की-वाय पेशीरसातून तरंगत मोटरीपर्यंत जातो आणि तिथल्या फ्लि-एम या प्रथिनाला चिकटतो. हाच दांडा ओढणारा हात. की-झेड त्याच्या मागे लागून फॉस्फेट काढत राहतो, नाहीतर एकदा ओढलेला दांडा तसाच राहिला असता.

मोटरीच्या तळाशी सुमारे ४५ नॅनोमीटर रुंदीचं कडं असतं, फ्लि-जी, फ्लि-एम आणि फ्लि-एन यांचं. यालाच स्विच म्हणतात. कड्याभोवती पेशीपटलात मॉट-ए आणि मॉट-बी यांचे खुंटे रोवलेले असतात. या खुंट्यांतून प्रोटॉन आत येतात, त्या ओघावर मोटर चालते. पाच मॉट-ए आणि त्यांच्या मध्ये दोन मॉट-बी अशी खुंट्याची रचना २०२० साली दिसली, आणि त्यातून जे चित्र उभं राहिलं ते थेट कुट्टी मशीनचंच आहे. पाच मॉट-एचं छोटं चाक नेहमी सुलटच फिरतं. मोठं कडं आकुंचलेलं असताना हे चाक त्याला बाहेरून घासतं, म्हणून कडं उलट फिरतं. की-वाय फ्लि-एमला बसला की कड्याचा आकार बदलतो, वरचा फ्लि-जीचा भाग पसरतो, आणि तेच चाक आता आतल्या बाजूने घासू लागतं. आतून घासणाऱ्या चाकामागे कडं त्याच्याच दिशेने फिरतं, म्हणजे सुलट. प्रोटॉन सुरुवातीपासून शेवटपर्यंत बाहेरून आतच येत असतात. थ्री-फेजचं उदाहरण म्हणूनच चुकतं.

पहिलं काम: खोक्याचं मॉडेल

सूक्ष्मदर्शक नंतर. आधी हे करा, तास-दीड तास पुरतो.

किराणा दुकानातून नालीदार पुठ्ठ्याचं खोकं आणा. त्याच्या पट्ट्या कापा आणि एका बाजूचा कागद ओला करून सोलून काढा, आतल्या नाल्या म्हणजे आयते दाते. पाच सेंटिमीटर व्यासाच्या बाटलीच्या झाकणाला बाहेरून पट्टी चिकटवा, हा खुंटा. चौदा सेंटिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या चकतीला बाहेरून पट्टी चिकटवा, हे आकुंचलेलं कडं. तिसरं एक रिंगण करा, आतला व्यास चोवीस सेंटिमीटर, दाते आतल्या बाजूला. चोवीसच का? चकतीची त्रिज्या सात आणि झाकणाचा व्यास पाच मिळून बारा, आणि बाराची दुप्पट चोवीस. झाकणाचा खिळा न हलवता दोन्ही कडी एकाच मध्यबिंदूवर बसायला हवीत, म्हणून हा हिशोब. पट्टीची जाडी व्यासात धरा, नाहीतर दाते जुळणार नाहीत.

प्लायवूडवर मध्यबिंदू खुणावा, त्यापासून साडेनऊ सेंटिमीटरवर झाकण खिळ्याने बसवा. चकती मध्यावर ठेवून झाकण सुलट फिरवा, चकती उलट फिरेल. चकती काढून रिंगण ठेवा, झाकण त्याच दिशेने फिरवा, रिंगण सुलट. पोरं दोन-तीनदा स्वतःच्या हाताने फिरवतात आणि मग गप्प होतात. पाच मिनिटं त्या शांततेत जाऊ द्या.

मॉडेलमध्ये कड्याचा फरक फार फुगवलाय, खरं कडं काही नॅनोमीटरच हलतं. आणि खरं कडं एकच असतं. हे सांगून टाका, नाहीतर कोणीतरी वहीत दोन कडी काढून आणतं.

दुसरं काम: जिवाणू आणणं आणि वाढवणं

विहिरीच्या पाण्यातून किंवा शेणातून इ. कोलाय वेगळा काढू नका. काय हाती लागेल सांगता येत नाही. के-१२ जातीचा निरुपद्रवी वाण चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या सूक्ष्मजीव-संग्रहातून महाविद्यालयाच्या नावाने मागवा.

रात्रभर वाढलेल्या द्रवातला एक भाग शंभर भाग ताज्या ट्रिप्टोन (प्रथिनं पचवून केलेलं जिवाणूंचं खाद्य) द्रवात घाला आणि ३० अंशांवर चार ते सहा तास ठेवा. ग्लुकोज घालायचं नाही, ग्लुकोज मिळालं की इ. कोलाय कशाभिका बांधायच्या भानगडीत पडत नाही. रात्रभरचा शिळा द्रव थेट पाहिला तर निम्मे जिवाणू मरगळलेले दिसतात, आणि वर्ग म्हणतो, "सर, हे हलतच नाही."

तापमानाचं आपल्याकडे वेगळंच दुखणं. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस, खोलीत चाळीस. ४२ अंशांवर वाढवलेल्या इ. कोलायला कशाभिका फुटतच नाहीत. उन्हाळ्यात नळ्या माठाच्या पाण्यात उभ्या करा, माठाला ओलं गोणपाट गुंडाळा, थर्मामीटर आत सोडून ठेवा. डिसेंबरात उलटं काम: थर्माकोलच्या खोक्यात गरम पाण्याच्या दोन बाटल्या. लाईन गेली तरी हा इन्क्युबेटर चालू राहतो.

तिसरं काम: मऊ आगरची थाळी

शंभर मिलिलिटर पाण्यात एक ग्रॅम ट्रिप्टोन, अर्धा ग्रॅम मीठ आणि पाव ग्रॅम आगर. आगर प्रयोगशाळेचाच घ्या. स्वयंपाकातल्या चायना ग्रासचा घट्टपणा दर पुड्याला वेगळा, इथे ०.२५ आणि ०.४ टक्क्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ऑटोक्लेव्ह नसेल तर प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटं. थाळीत पंचवीस मिलिलिटर ओता आणि हलवू नका, तासभर निवू द्या. सुईच्या टोकावर द्रव घेऊन मध्यभागी आगरच्या पोटात टोचा, वर टेकवू नका.

थाळी पालथी करायची नाही. आम्हाला सगळ्यांना पालथी घालायची सवय. गेल्या खेपेला एका गटाच्या सहा थाळ्या सवयीने पालथ्या घातल्या गेल्या, आणि सकाळी झाकणात रबडी होती. एका खोलीतून दुसऱ्या खोलीतही थाळी आडवी धरूनच न्या.

आठ ते दहा तासांत धुरकट वर्तुळ पसरतं. नीट उजेड मागून घेतलात तर वर्तुळात वर्तुळ दिसतं: बाहेरचं सेरीन खात पुढे गेलेल्यांचं, आतलं अ‍ॅस्पार्टेटच्या मागे लागलेल्यांचं. दर तासाला व्यास मोजून आलेख काढा.

आता खरा प्रश्न विचारा. की-वाय नसलेला वाण टोचला तर? दांडा ओढणारा हातच नाही, मोटर कायम उलट, जिवाणू कायम सरळ धावतो. पोरं म्हणतात वर्तुळ मोठं होईल. होत नाही. आगरच्या जाळीत तो एखाद्या बोळात घुसतो आणि तिथेच धडका मारत राहतो, कारण मागे वळायला कोलांटी लागते. की-झेड नसलेला वाण सारखा कोलांट्या खातो, त्याचंही वर्तुळ लहान. मॉट-ए किंवा मॉट-बी नसेल तर कशाभिका असूनही लुळी. फ्लि-जीच नसेल तर कशाभिका बांधलीच जात नाही. थाळीवर हे सगळे जवळजवळ सारखेच दिसतात: मध्ये एक घट्ट ठिपका किंवा छोटंसं वर्तुळ. म्हणून नुसत्या थाळीवरून निदान करू नका, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावंच लागतं. हे वाण हाताशी नसतील तरी अंदाज वहीत लिहून घ्या, आधी वर्तुळ, मग सूक्ष्मदर्शकातलं दृश्य, अशा दोन रकान्यांत.

चौथं काम: लोंबता थेंब आणि मोबाइल

खळगीची काच, खळगीच्या कडेला व्हॅसलीनची बारीक रेघ, झाकणाच्या पातळ काचेवर एक छोटा थेंब, वरून खळगीची काच दाबून पटकन पालथी करा. ४०च्या भिंगाखाली, डायाफ्राम बराच मिटलेला, कंडेन्सर खाली. थेंबाची कड आधी शोधा. सगळं एका बाजूला वाहत असेल तर तो प्रवाह आहे, थेंब नीट सील झालेला नाही. जागच्या जागी थरथरत असेल तर ती ब्राउनियन हालचाल. शेजारी शेजारी दोन जिवाणू वेगवेगळ्या दिशांना गेले की तिथे थांबा, ते पोहतायत.

आयपीसला मोबाइल लावून चित्रण करा. साध्या चित्रणात सेकंदाला ३० चौकटी, कोलांटी त्यातल्या तीनच. स्लो-मोशनमध्ये १२० चौकटी मिळाल्या तर बारा. दहा पेशी, प्रत्येकी दहा सेकंद, कोलांट्या मोजा.

मग सेरीन. पण ट्रिप्टोनमध्ये सेरीन आधीच असतं, तिथे आणखी घालून काही दिसणार नाही. आधी पेशी सावकाश सेंट्रिफ्यूज करा आणि सात पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये हलक्या हाताने मिसळा. नळी जोराने हलवली की कशाभिका तुटतात. बफरमध्ये चिमूटभर ईडीटीए असावा, म्हणजे धातूंचे अंश अडथळा आणत नाहीत. शंभर मिलिलिटर पाण्यात ०.१०५ ग्रॅम सेरीन म्हणजे १० मिलिमोलर. त्याचा एक भाग नऊ भाग पेशींत मिसळा आणि लगेच थेंब लावा.

कोलांट्या जवळजवळ थांबतात. सेरीन ग्राहीला बसलं, की-ए थंडावला, की-वायला फॉस्फेट मिळेना, आणि होता तो की-झेडने काढून घेतला. हे सगळं सेकंदाच्या आत होतं. काही मिनिटांनी, सेरीन तिथेच असताना, कोलांट्या पुन्हा सुरू होतात: की-आरने ग्राहीवर मिथाइल चढवून त्याला नव्या पातळीची सवय लावली. मिथाइल काढणारा तो की-बी. घड्याळ लावून दर मिनिटाला मोजा. माझ्या मते या सगळ्या प्रात्यक्षिकात पाहण्यासारखा क्षण हाच.

२०००च्या सुमारास एकेका पेशीत की-वाय मोजून पाहिलं गेलं, तेव्हा त्याचं प्रमाण थोडंसं वाढलं की मोटर एकदम पलटते असं दिसलं. अर्धवट ओढलेला दांडा मोटरीला फारसा मानवत नाही.

दिशा वाचताना होणारी गफलत

कधी कधी एखाद्या पेशीची कशाभिका काचेला चिकटते आणि पेशीच गरगर फिरू लागते. १९७४ साली सिल्व्हरमन आणि सायमन यांनी हेच मुद्दाम घडवून कशाभिका फिरते हे दाखवलं. ते प्रतिपिंडांनी चिकटवत. आपल्याकडे ते नाही, नशिबाने एखादी सापडेल. सापडली तर तिची दिशा वाचताना घाई करू नका.

सूक्ष्मदर्शकात प्रतिमा उलटी दिसते, म्हणून फिरण्याची दिशाही उलटते, असं बरेच जण लिहितात. चूक. वर-खाली आणि डावी-उजवी दोन्ही बाजू बदलल्या की ती फक्त अर्ध्या फेऱ्याची वळण असते, घड्याळ घड्याळासारखंच दिसतं. दिशा बिघडते ती आरशाने, म्हणजे मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने.

दुसरी गोष्ट, पेशी कुठल्या काचेला चिकटली. लोंबत्या थेंबात ती वरच्या काचेला चिकटते. म्हणजे आपण कशाभिकेकडून पेशीकडे पाहतोय. कशाभिका धरलेली, फिरतंय ते अंग. मोटर उलट असेल तर अंग सुलट फिरताना दिसेल. सपाट काचेवर खालच्या बाजूला चिकटली असेल तर मोटर उलट आणि अंगही उलट. वहीत 'वर चिकटलेली' की 'खाली चिकटलेली' हे आधी लिहा, मग दिशा. एक पेन बोटांत धरून, टोपण धरायचं आणि पेन फिरवायचं, असं करून पाहिलं की हे डोक्यात बसतं.

कुटारातला जिवाणू वेगळा

सोयाबीनचं कुटार उकळून ठेवलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बॅसिलस भरपूर येतात, आणि बॅसिलस सबटिलिसला इंग्रजीत गवती बॅसिलस म्हणतातच. हाही पोहतो, कोलांट्या खातो, अन्न मिळालं की धाव लांबवतो. पण आतली जोडणी उलटी! अन्न मिळाल्यावर त्याचा की-ए जास्त कामाला लागतो, आणि फॉस्फेट घेतलेला की-वाय मोटर उलटीकडे नेतो, म्हणजे धावेकडे. की-झेड त्याच्याकडे नाहीच, फॉस्फेट काढायचं काम फ्लि-वाय आणि की-सी करतात. डोळ्यांना दिसणारं वागणं तेच, तारा दुसऱ्या खांबावरून आणलेल्या. इ. कोलायचं स्पष्टीकरण या जिवाणूला चिकटवलं तर मी गुण कापतो.

मेथीच्या मुळांवर गाठी करणारा सायनोरायझोबियम मेलिलोटी तर दिशा बदलतच नाही. त्याची मोटर फक्त सुलट फिरते. वळायचं असलं की एखाद्या मोटरीचा वेग कमी होतो, वेणी विस्कटते. तिथे दोन की-वाय असतात: एक मोटर मंदावतो, दुसरा फॉस्फेट खेचून घेऊन पहिल्याला मोकळं करतो. दांडा नाही, नुसता ब्रेक. आणि लोणारसारख्या खारट, क्षारधर्मी पाण्यात प्रोटॉन दुर्मीळ, तिथे टिकणारे काही बॅसिलस मोटर सोडियमवर चालवतात. इंधन बदललं तरी दिशा ठरवायचं काम कड्याकडेच राहतं.

आवरताना

सगळ्या थाळ्या, नळ्या, थेंब लावलेल्या काचा कुकरमध्ये परत वीस मिनिटं. तो कुकर घरचा नसावा, प्रयोगशाळेचा वेगळा ठेवा आणि त्यावर तेलरंगाने तसं लिहा. थाळ्यांतलं गार झालेलं आगर बेसिनमध्ये ओतू नका, नळी तुंबते, मातीत पुरा. खोक्याचं मॉडेल मात्र टाकू नका. आमचं दोन पावसाळे टिकलंय, तिसऱ्या वर्षी उंदरांनी झाकणाची पट्टी खाल्ली, तेवढीच बदलली.